गाडी भरून पाव्हणे

खानदेशात जाऊन आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी मेहरूणचा तलाव सांगतो, पद्मालयाचा गणपती सांगतो, वांग्याच्या भरताचं वर्णन करताना तर माझं मलाच पाणी सुटतं. मग ऐकणारा म्हणतो, वा, म्हणजे ट्रिप मस्त झाली! मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. कारण ज्यासाठी गेलो होतो ते सोडून बाकी सगळं मस्त झालं.

गेलो होतो फुईकडे. फुई म्हणजे आत्या. आमच्या अण्णांची धाकटी बहीण. अण्णा तरुणपणी नोकरीसाठी पुण्याला आले आणि तिथलेच झाले. फुई अमळनेरजवळ, बोरी नदीकाठच्या एका गावात दिलेली. आधी सणावारी जाणं व्हायचं, मग लग्नाकार्यापुरतं, मग फोनवर. गेल्या वर्षी अण्णा गेले तेव्हा फुईचे गुडघे तिला घराबाहेर निघू देईनात. तिला भावाचं शेवटचं दर्शन झालं नाही. आमच्याकडे अशा वेळी रीत असते, भावाच्या घरच्या माणसानं बहिणीकडे जायचं, तिनं त्याच्या गळ्यात पडून रडायचं. एकदा ते झालं की बाई मोकळी होते. ते व्हायचं राहिलं होतं. फुई फोनवर ते कधी बोलली नाही, पण कधी येणार ते दर वेळी विचारायची, "कव्हय येशी रे भो?"

मी जायला घाबरत होतो, हे सरळ सांगतो. अण्णांच्या जाण्यानंतर मी स्वतः धड रडलो नव्हतो. एका म्हातारीसमोर एकट्यानं बसायचं, ती गळ्यात पडणार, मग आपलं काय होईल, याची मला धास्ती होती. तेवढ्यात आमच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींनी खानदेशची सहल काढली आणि मला वाटलं, हे बरं झालं. चौघांत मिसळून जाऊ, तासभर बसू, रडणं झालंच तर आटोपशीर होईल. एका दगडात दोन पक्षी. पक्षी उडून गेले, दगड तेवढा माझ्या पायावर पडला.

जळगाव

जळगावला पहाटे उतरलो तर स्टेशनबाहेर मिनीबस उभी. चालक भटूभाऊ, राहणार धुळ्यातल्या देवपूरचा. अंगानं आडवा, मिशी झुबकेदार, आणि बोलणं असं की रेडिओ लावायची गरज पडू नये. गाडीचा एसी फक्त डाव्या बाजूच्या सीटांना लागायचा. तक्रार केली तर म्हणाला, "थंडीना दिवस शेत, उजवीकडे ऊन घ्या!"

सहलीचे सूत्रधार शिंदे. निवृत्त अधिकारी, त्यामुळे शिस्त अंगात मुरलेली. त्यांनी सगळ्यांसाठी पिवळ्याधमक टोप्या शिवून आणल्या होत्या, गर्दीत माणूस हरवू नये म्हणून. त्यांच्या पत्नी सुलभाताई एकदम उलट, कुणाशीही बोलायला लागल्या की त्याची सात पिढ्यांची चौकशी करून सोडणार. ही दोन माणसं लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यांच्याच चांगुलपणामुळे झालं.

मेहरूणच्या तलावावर धुकं होतं. फिरायला आलेले जळगावकर आमच्या टोप्यांकडे बघून बाजूला होत होते, बहुधा आम्ही कसलीतरी पाहणी करायला आलोय असं वाटून. दुपारी केळीच्या बागा बघितल्या आणि संध्याकाळी भटूभाऊनं ओळखीच्या एका शेतात नेलं. कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळात वांगी भाजत होती. हिरवी, पांढरट, नारळाएवढी वांगी. ती सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वर हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल ओतताना हात आखडायचा नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. केळीच्या पानावर मांडी घालून आम्ही जेवलो. पुण्यात भरीत चमच्यानं वाढतात. इथं वाढणारा ओंजळ बघतो आणि तरी जास्तच वाढतो. शेतमालकानं कुणालाही 'आणखी हवं का' असं विचारलं नाही. विचारणं म्हणजे नको म्हणायची संधी देणं, असं भटूभाऊ म्हणाला. मला अण्णांची आठवण आली. तेही असंच न विचारता वाढायचे आणि आई चिडायची.

त्या शेतात भोवताली सगळे अहिराणी बोलत होते. अण्णा घरी कधीच बोलले नाहीत. फक्त गावाकडून फोन आला की त्यांचा आवाज बदलायचा, आहेचं शे आणि होताचं व्हता व्हायचं, आणि आम्ही भावंडं हसायचो. आता त्या आवाजातली माणसं सगळीकडे होती आणि ते नव्हते.

एरंडोलहून पुढे

दुसऱ्या दिवशी पद्मालय करून अमळनेरला जायचं आणि दुपारी फुईचं गाव, असं ठरलेलं. फुईला मी पुण्याहून निघताना सांगितलं होतं की या दोनतीन दिवसांत येऊन जाईन. नक्की दिवस सांगितला नव्हता. उगाच म्हातारीनं वाट बघत बसू नये म्हणून. सकाळी गाडीत बसल्यावर शिंदे म्हणाले, अहो, निदान फोन तरी करा, आपण एवढी माणसं. मी फुईच्या मुलाला, आबाला, फोन लावला. आबा माझ्याहून मोठा. फोन त्याच्या बायकोनं उचलला. मी नाव सांगायच्या आधीच रस्ता विचारला आणि ती सांगायला लागली. अमुक फाट्यावरून वळा, तमुक पाटचारीच्या कडेनं या, मला काही झेपेना. मी फोन भटूभाऊच्या हातात दिला.

त्यानं गाडी बाजूला घेतली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "हा ताई, रामराम! पुनाथून पाव्हना येई राह्यनात. गाडी भरीसन. दुपारले पोचतस. रस्ता कथाईन शे?"

मी शेजारीच बसलो होतो. प्रत्येक शब्द ऐकला. पाव्हना हा शब्द त्याच्या तोंडी किती गोड वाटला, हेही तेव्हा मनात आलं. मी कोण, कुणाचा कोण, हे सांगायचं त्याला सुचलं नाही आणि मला गरज वाटली नाही. पलीकडून घाईघाईनं 'या, या' झालं आणि फोन बंद.

पद्मालयाला तळ्यात कमळं होती. सुलभाताईंनी सगळ्यांचे फोटो काढले. मी पिशवीतली फ्रेम दोनदा चाचपून पाहिली. अण्णांचा फोटो होता तो, फुईला द्यायला आणलेला. कोपऱ्याला चंदनाचा बारीक हार.

बोरीकाठ

रस्त्यानं घोळ घातलाच. भटूभाऊ 'हा रस्ता मन्हा हातना' म्हणत एका पाटचारीच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर शिरला आणि पुढे उसाची ट्रॉली आडवी. मागे घेता घेता आम्ही सगळे पिवळ्या टोप्या घालून गाडीला दिशा दाखवत होतो. हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवसातलं ते माझं शेवटचं हसणं.

गावात शिरलो तर आबाच्या दारापुढे सडा पडलेला, ताजी रांगोळी. अंगणात सतरंज्या, वर कुणाकुणाच्या घरून आणलेल्या खुर्च्या. आबा कडक इस्त्रीच्या पायजमा-शर्टात दारात उभा. शेजारची चार वडीलधारी माणसं टोप्या सारख्या करत उठली. शिंदे माझ्या कानाशी म्हणाले, "काय हो, तुमचा एवढा मान आहे इथे?" मलाही जरा बरंच वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू.

आबानं मला ओळखलं आणि दचकला. मग त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचा अर्थच लागेना. "सुभाषभाऊ! तुम्ही? तुम्हीच लई उनात का?" त्यानं माझे दोन्ही हात धरले. 'तुम्हीच आणलंत का' असं तो विचारतोय एवढं कळलं. मी म्हटलं, "हो, मीच घेऊन आलो सगळ्यांना."

आतून फुई आली. भिंतीला धरत धरत. किती लहान झाली होती ती. मला बघितल्यावर उंबऱ्यातच थांबली, हात पुढे आले. "उना का रे मन्हा सुभा!" मी दोन पावलं पुढे झालो. ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते आता होणार होतं, आणि मला ते हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

इतक्यात आबाची बायको फुईच्या मागून, अंगणात बसलेल्या मंडळींकडे बघत हळूच म्हणाली, "माय, पाव्हना बठेल शेतस."

फुईनं पदर डोळ्यांना लावला, घट्ट दाबला, आणि काढला तेव्हा ती हसत होती. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बठ, बठ. पानी पे." आणि आत गेली. मी अंगणात तसाच उभा राहिलो. मला रागही आला थोडा. एवढ्या लांबून आलो आणि पाणी पी?

मग चहा आला. तांब्याच्या रंगाची साडी नेसलेली एक मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली, खाली बघत. आबाची लेक, दीपाली. मी तिला फ्रॉकात पाहिलेलं. सुलभाताईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि नेहमीच्या उत्साहात सुरू झाल्या. नाव काय गं तुझं? शिकतेस काय? अमळनेरला का कॉलेज? स्वयंपाकाची आवड आहे का? साडी किती छान दिसते तुला! मुलगी हळू आवाजात एकेक उत्तर देत होती आणि अंगणातली सगळी माणसं कान देऊन ऐकत होती. एका नानांनी शिंद्यांना विचारलं, "आपल्याला मुलं काय?" शिंदे म्हणाले, "एकच मुलगा. सॉफ्टवेअरमध्ये आहे. लग्नाचं बघतोय, पण पसंतच पडत नाही हो कुणी!" आणि स्वतःच मोठ्यानं हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी आमच्या टोप्यांकडे बघत आणखी विचारलं, "टोप्या बठ्ठ्या सारख्या. एकच भाऊबंदकी शे का?"

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणूस पुण्यात राहून किती मठ्ठ होतो याचा हा नमुना.

मी पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आत चुलीवर खापर पालथं घातलेलं, शेजारच्या दोघीतिघी हातांवर मांडे फिरवत होत्या. पुरणाचा उंडा हातावर फिरता फिरता केवढाच्या केवढा पातळ होतो आणि अलगद खापरावर पडतो. फुई पाटावर बसून त्यांच्यावर देखरेख करत होती. मी फ्रेम काढली. तिनं भावाचा चेहरा बघितला, हार बघितला, आणि झटकन फ्रेम पालथी करून माझ्या पिशवीत ढकलली.

"आज नही रे भो. आज पोरना दिन शे." मग माझा हात धरून, डोळे भरून, "भाऊ गया, पन त्याना पोऱ्यानी मन्ही नातनी याद ठेवी."

भाऊ गेला, पण त्याच्या मुलानं माझ्या नातीची आठवण ठेवली. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. पुण्याकडचं एक स्थळ येणार असं कुणी मध्यस्थानं त्यांना सांगून ठेवलं होतं, हे मांडे करणाऱ्या एकीनं मला सांगितलं. सकाळी फोन आला, पुण्याहून पाव्हणे येताहेत, गाडी भरून. अंगणात बघतात तर त्या पाव्हण्यांत मी. म्हणजे स्थळ मीच आणलेलं. मेलेल्या भावाच्या वतीनं. आणि मुलगी दाखवायच्या दिवशी घरात रडणं चालत नाही. म्हणून फुई उंबऱ्यातून परत फिरली होती. एक वर्ष साठवलेलं रडणं तिनं नातीसाठी गिळलं होतं, आणि ते गिळायचं काही कारणच नव्हतं.

मी आबाला गोठ्याकडे नेऊन सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. गाईच्या पाठीवर हात फिरवत उभा होता, तो हात तेवढा हलायचा थांबला. मग म्हणाला, "आधी पंगत होऊ द्या, सुभाषभाऊ. खापर चढेल शे. चारचौघात काही बोलू नका."

मग पंगत झाली. मांडे, खीर, तिखट रशी, भजी. आमची मंडळी बोटं चाटत होती. शिंदे म्हणाले, असं आदरातिथ्य आयुष्यात पाहिलं नाही. आबा स्वतः तूप वाढत होता, आग्रह करत होता, चेहऱ्यावर काही नाही. माझ्या ताटात त्यानं मांडा वाढला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. तो घास मला आजही गिळता येत नाही.

निघताना सगळे गाडीपाशी जमले. गावातले लोकही आले. मला वाटलं, आता बसू या, सुटू या, आबा सवडीनं सांगेल काय ते. तेवढ्यात शिंद्यांनी दारात उभं राहून आबाला हात जोडले आणि पुणेरी सौजन्यानं मोठ्या आवाजात म्हणाले, "येतो आम्ही! पोचलो की कळवतो!"

कळवतो. हा शब्द आम्ही पुण्यात दिवसातून दहा वेळा वापरतो, गॅसवाल्यालासुद्धा. पण मुलगी बघून उठलेल्या माणसानं अंगणात 'कळवतो' म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, तो महाराष्ट्रात कुणालाही शिकवावा लागत नाही. नाना मंडळींनी खाली बघितलं. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. आबाची बायको वळून घरात गेली. शिंदे बिचारे हसतमुखानं गाडीत चढले.

दीपाली केळ्यांचा घड घेऊन गाडीच्या दाराशी आली होती. मी खाली उतरलो. म्हटलं, "बाळ, तुला बघायला कुणी आलंच नव्हतं गं. हा सगळा घोटाळा आहे."

"माहितीये, काका. आबांनी सांगितलं आत्ता." ती शांतपणे म्हणाली. "पण गावाला कोण सांगणार? एवढी मोठी गाडी सगळ्यांना दिसली."

मी म्हटलं, मी सांगतो, आत्ता, इथेच. तिनं मान हलवली. "नका. मग आबांचं आणखी हसं होईल. पाहुणे ओळखू आले नाहीत म्हणतील." तिनं घड माझ्या हातात दिला. "बसा तुम्ही. उशीर होईल."

फुई ओट्यावरून उतरू शकली नाही. तिथूनच तिनं हात केला आणि ओरडून म्हणाली, "येशी तव्हय येकला ये. येष्टीवर ये."

धुळे

धुळ्यापर्यंत गाडीत भेंड्या चालल्या होत्या. मी पुढे भटूभाऊजवळ जाऊन बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. पारोळा मागे पडलं. मग एकदम म्हणाला, "माले काय मालूम, घरमा लगननी पोर शे? मी ते साधा शब्द बोलनू." थोड्या वेळानं, स्वतःशीच, "पन गाडी भरीसन पाव्हना उनात म्हनजे पोर देखालेच उनात. हाई माले समजाले पाहिजे व्हतं." मी म्हटलं, तुमची चूक नाही, मीच गाडी भरून यायला नको होतं. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. पांझरेच्या पुलावरून देवपूरकडे जाताना त्यानं आपलं घर लांबूनच दाखवलं, आणि उतरा म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी लळिंगचा किल्ला होता. मंडळी वर गेली, मी पायथ्याशी बसलो. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. फुईचंच निमित्त चोरलं म्हणा ना. अण्णांचा फोटो पिशवीत तसाच होता. तो फुईच्या घराच्या उंबऱ्याच्या आत जाऊन आला होता आणि भिंतीला लागला नव्हता. मिनीबसच्या सावलीत बसून मला राहून राहून वाटत होतं, अमळनेरला उतरून एसटीनं गेलो असतो, पायानं चालत अंगणात शिरलो असतो, तर कुणी सडा घातला नसता, मांडे केले नसते, आणि फुई उंबऱ्यात थांबली नसती.

पुण्याला आल्यावर 'पोचलो की कळवतो' हे निदान एकानं तरी पाळावं म्हणून मी फोन केला. फुईनंच घेतला.

"पोचना का रे भो?"

म्हटलं, पोचलो. दीपालीचं विचारलं. फुई म्हणाली, कॉलेजात जाते आहे. गावात काय बोलतात तेही मी विचारलं. आधी ती नको म्हणाली, मग सांगितलं. पुण्याचे लोक गाडी भरून आले, पोटभर जेवले आणि मुलीला नाही म्हणून गेले, असं बोलतात. सांगताना आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी 'फुई, अण्णा' एवढंच म्हणालो. अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच मला रडू फुटत होतं, आणि तेही हातात फोन धरून.

तिनं ऐकलं. तिचाही श्वास जड झालेला मला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "ठेव."

मी म्हटलं, "ठेवतो. नंतर करतो फोन."

"फोन नही रे," फुई म्हणाली. "रडानं ठेव. येकला येशी तव्हय दोन्ही जन संगे रडसूत."